दूरच्या विमानप्रवासाचे तास नीट मोजून छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

परदेशी प्रवासाचे दिवस जवळ आले की आपल्या दैनिकासह सगळ्याच वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि ट्रॅव्हल एजंटांच्या जाहिरातींत ‘गोवा ते लंडन ७,५०० किमी, दहा तास’, ‘गोवा ते टोरंटो १२,९०० किमी, साडेसोळा तास’ अशा धर्तीचे तक्ते दिसू लागतात. त्यांतला किलोमीटरचा आकडा बहुतेक वेळा बरोबर असतो. तासांचा आकडा मात्र त्याच किलोमीटरना ताशी आठशेने भागून आणि वर अर्धा तास टाकून काढलेला असतो. अंतर सांगणारी इंटरनेटवरची बरीच पाने असेच करतात आणि तिथला आकडा जसाच्या तसा उचलला जातो. टोरंटोला गोव्याहून थेट विमान नाही, मग साडेसोळा तासांत माणूस तिथे पोचणार कसा, हे तक्ता करताना कुणी तपासत नाही.

गोव्यात हा आकडा सामान्यज्ञानाच्या सदरापुरता नसतो. घरातले कुणी इंग्लंडमधल्या स्विंडनला असते, कुणी लिस्बनला, कुणी मस्कत किंवा कुवेतला. बोटीवर जाणाऱ्या तारवटींना तर ठरल्या दिवशी ठरल्या बंदरावर हजर व्हावे लागते, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. रजा किती घ्यायची, इन्शुलिनचे डोस कसे बसवायचे, पुढचे विमान किती वाजताचे धरायचे, हे सगळे त्या तासांवर ठरते. म्हणून हा हिशेब कसा करायचा आणि तो कुठे चुकतो, ते सविस्तर लिहीत आहे.

आधी अंतर. तक्त्यात छापले जाते ते पृथ्वीच्या गोलावरचे दोन विमानतळांमधले सर्वांत जवळचे अंतर. ते घरीही काढता येते. गोव्यातले मोपा विमानतळ साधारण १५.७४ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.८६ अंश पूर्व रेखांशावर आहे. लंडनचे गॅटविक ५१.१५ उत्तर आणि ०.१९ पश्चिम. एक पूर्वेला, दुसरे पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज करायची: ७४.०५. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, ०.२७१३ गुणिले ०.७७८८, म्हणजे ०.२११३. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन, ०.९६२५ गुणिले ०.६२७३ गुणिले ०.२७४८, म्हणजे ०.१६५९. दोन्हींची बेरीज ०.३७७२. ज्याचा कोसाइन एवढा येतो तो कोन ६७.८ अंशांचा. पृथ्वीच्या एका अंशाला १११.२ किमी, म्हणून अंतर सुमारे ७,५४० किमी. बेरजेच्या जागी वजाबाकी केली तर गॅटविकच्या बाबतीत फारसे बिघडत नाही, कारण ते शून्य रेखांशाला लागूनच आहे. लिस्बन मात्र ९.१३ अंश पश्चिमेला आहे. तिथे हीच चूक केली तर ८,३२० किमीच्या ठिकाणी सुमारे ६,७४० येतात, दीड हजारांहून जास्त किलोमीटर गायब होतात.

गणित नको असेल त्यांनी शाळेतला पृथ्वीगोल आणि दोरा घ्यावा. ३० सेंमी व्यासाच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किमी. गोवा ते लंडन दोरा ताणून धरला की पावणेअठरा सेंटिमीटर भरतो, टोरंटोपर्यंत तीसच्या किंचित वर. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मात्र पट्टी ठेवून अंतर मोजू नये, तिथे उत्तरेकडचे देश ताणले गेलेले असतात आणि मार्गही चुकीच्या देशांवरून गेलेला दिसतो.

दोन ठिकाणी दोन वेगळी अंतरे दिसली तर आधी एकक पाहावे. विमानसेवेत नॉटिकल मैल चालतो, तो १.८५२ किमीचा. रस्त्यावरचा मैल १.६०९ किमीचा. गोवा ते गॅटविक हे ४,०७० नॉटिकल मैल आणि ४,६८५ साधे मैल. नुसते ‘४,०७० मैल’ असे वाचून कुणी त्याचे किलोमीटर केले तर उत्तर ६,५५० येते आणि हजारेक किलोमीटरचा घोटाळा होतो. काही ठिकाणी विमानतळाऐवजी शहराच्या मध्यापासून अंतर मोजलेले असते, त्याने पन्नासेक किलोमीटर इकडचे तिकडे होतात. तेवढा फरक सोडून द्यावा.

आता विमान खरोखर कुठून जाते ते पाहू. मोपाहून गॅटविककडे निघालेली ती सर्वांत जवळची रेषा वायव्येला अरबी समुद्रावरून वर चढते, बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यावरून इराणमध्ये शिरते, तेहरानच्या पूर्वेकडून आर्मेनिया, मग काळा समुद्र आणि क्रिमिया, पश्चिम युक्रेन, चेक प्रजासत्ताक, जर्मनी, बेल्जियम अशी जाऊन लंडनला जवळजवळ थेट पूर्वेकडून पोचते. या रेषेवर आज भारतीय विमानाला दोन जागी आडकाठी आहे. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झाले. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि ती बंदी महिन्यामहिन्याने वाढत गेली. त्याआधी २०१९ मध्येही २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत असेच झाले होते. इराण आणि इराकवरचे आकाशही तणावाच्या काळात अधूनमधून बंद होते, तेव्हा विमान सौदी अरेबिया आणि इजिप्तवरून न्यावे लागते.

या वळशाची किंमत गोव्यासाठी किती, ते मोजण्यासारखे आहे. मस्कतवरून वळले तर गोवा ते गॅटविक सुमारे ७,६६० किमी होते, म्हणजे जेमतेम सव्वाशे किलोमीटर जास्त. रियाधवरून ७,९१० आणि कैरोवरून ८,१००. सर्वांत लांबचा वळसाही ५५० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चाळीसेक मिनिटांचा. दिल्लीची स्थिती याहून वाईट. दिल्लीहून युरोपची सरळ रेषा पाकिस्तानावरूनच जाते, त्यामुळे विमानाला आधी नैर्ऋत्येला गुजरातकडे येऊन मग समुद्रावरून पश्चिमेला वळावे लागते. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना २०२५ मध्ये व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावे लागले, आणि एअर इंडियाने दिल्ली ते वॉशिंग्टन ही सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्थगित केली. ‘पाकिस्तानचे आकाश बंद, परदेशी प्रवास दोन तासांनी लांबला’ अशी बातमी दिल्लीहून येते आणि इथे तशीच छापली जाते. गोव्याहून दुबई, मस्कत, दोहाला जाणाऱ्याला ती लागू पडत नाही, कारण हे मार्ग मुळातच समुद्रावरून आहेत. हा फरक गोव्याच्या वृत्तपत्राने तरी सांगायला हवा.

वळशाहून मोठा फरक वारा करतो. ११ किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास असते आणि तिथे आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६२ किमी असतो. लांब पल्ल्याचे मोठे विमान त्याच्या ८५ टक्के वेगाने उडते, म्हणजे हवेच्या तुलनेत ताशी ९०० किमीने. आखाताला जाणारी लहान विमाने ७८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ताशी ८३० किमीने. हवा स्वतःच वाहत असेल तर जमिनीवरचा वेग तेवढ्याने कमी किंवा जास्त होतो. या उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार झोत असतात. ८,१०० किलोमीटरच्या मार्गावर सरासरी ७० किमीचा वारा समोरून असेल तर पावणेदहा तास लागतात, तोच पाठीमागून असेल तर आठ तास वीस मिनिटे. म्हणून युरोपला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी. जाण्याचा आणि येण्याचा वेळ एकच छापलेला तक्ता तिथेच चुकलेला असतो.

वाऱ्याचे बळ किती असते याची दोन उदाहरणे देतो. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेले. रस्ता सुमारे १३,९०० किमीचा १५,३०० झाला, तरी पूर्वेकडे जाताना वारा पाठीशी मिळाल्यामुळे प्रवास साडेचौदा तासांवर आला, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तासांनी कमी. जास्त अंतर, कमी वेळ. दुसरे फेब्रुवारी २०२० मधले. सियारा वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचे जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचले, एरवी याला साडेसहा-सात तास लागतात. त्या रात्री जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किमीच्या पुढे गेला होता. यामुळे विमानाने आवाजाची मर्यादा ओलांडली असे होत नाही. हवेच्या तुलनेत विमान नेहमीच्याच वेगाने चालले होते.

गोव्याच्या बाबतीत एक बारकावा आहे. हिवाळ्यात हा पश्चिमी झोत उत्तर भारतावर येऊन बसतो आणि पावसाळ्यात हिमालयापलीकडे सरकतो. त्याच पावसाळ्यात दक्षिण भारतावर उंचावर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा झोत तयार होतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्यावर लिहिले. त्याचा कणा विमानांच्या उंचीच्याही वर असतो, पण खालपर्यंत पूर्वेचे वारे जाणवतात. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये आखाताकडे जाताना सुरुवातीच्या टप्प्यात वारा मदतीला असतो आणि जानेवारीत तो मिळत नाही. फरक दहा-पंधरा मिनिटांचाच, पण त्यावरून ‘गेल्या खेपेला लवकर पोचलो, या खेपेला उशीर का’ या प्रश्नाचे उत्तर मिळते.

वेळापत्रकातला वेळ हा हवेत घालवलेला वेळ नसतो, हेही सांगितले पाहिजे. विमानाच्या चाकांखालची अडण निघते तिथून ती पुन्हा लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. मागे ढकलणे, धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, उतरल्यावर गेटपर्यंत जाणे, आणि हीथ्रोसारख्या गर्दीच्या विमानतळावर उतरण्याआधी आकाशात घातलेल्या घिरट्या, हे सगळे त्यात येते. कंपन्या यावर थोडा सैलपणाही ठेवतात, कारण ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचलेले विमान ‘वेळेवर’ गणले जाते. घरी अंदाज करायचा तर खऱ्या मार्गाचे किलोमीटर ताशी ८५० ने भागावेत, आखाताच्या लहान विमानाला ८०० ने, आणि वर अर्धा ते पाऊण तास घालावा. गोवा ते दुबई २,२०० किमी, म्हणजे पावणेतीन तास अधिक अर्धा, सव्वातीन तास. ते जुळते.

लांबच्या विमानाला इंधनाचेही बंधन असते. सरपटण्याचे, प्रवासाचे, अनपेक्षित गोष्टींसाठी सहसा पाच टक्के, पर्यायी विमानतळापर्यंतचे, आणि सर्वांत शेवटी १,५०० फुटांवर तीस मिनिटे घिरट्या घालण्यापुरते, एवढे इंधन घेऊनच निघावे लागते. जास्तीचे इंधन वाहून न्यायलाही इंधन जळते, ढोबळमानाने तासाला तीन ते चार टक्के. वळसा वाढला, वारा समोरून आला आणि विमान भरलेले असेल तर वजन कुठून तरी कमी करावे लागते. अशा वेळी काही बॅगा मागे राहतात आणि पुढच्या विमानाने येतात. ही बहुतेकदा हलगर्जी नसते, वजनाचा हिशेब असतो. म्हणून औषधे, कागदपत्रे आणि एक दिवसाचे कपडे हातातल्या बॅगेतच असावेत.

यापुढची चूक घड्याळाची, आणि सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. मोपाहून दुपारी १ ला निघालेले विमान गॅटविकला संध्याकाळी साडेसहाला उतरते असे तिकिटावर असले तर प्रवास साडेपाच तासांचा होत नाही. दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जगभरची घड्याळे जिच्यावरून मोजतात त्या समान वेळेत, आणाव्यात. भारत साडेपाच तास पुढे, म्हणून निघण्याची वेळ ७.३०. उन्हाळ्यात ब्रिटन एक तास पुढे, म्हणून पोचण्याची १७.३०. प्रवास दहा तासांचा. हिवाळ्यात ब्रिटनचे घड्याळ यूटीसीशी जुळते, तेव्हा तेच विमान तेवढ्याच तासांत स्थानिक साडेपाचला पोचेल. ब्रिटन आणि पोर्तुगालमधली घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात. अमेरिका आणि कॅनडाच्या बहुतेक भागांत हे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होते. मार्चमधल्या दोन-तीन आठवड्यांत आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या एका आठवड्यात लंडनमार्गे टोरंटोला जाणाऱ्याचा नेहमीचा हिशेब एका तासाने चुकतो. आखातात घड्याळे हलत नाहीत: दुबई आणि मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे, तर दोहा, कुवेत, बहारीन आणि सौदी अडीच तास मागे. ब्राझीलने घड्याळ हलवणे २०१९ पासून बंद केले. साओ पावलो वर्षभर साडेआठ तास मागे असते.

याच ओघात मध्यरात्रीनंतरच्या विमानांचे. आखाताकडची बरीच विमाने रात्री उशिरा असतात. तिकिटावर ‘१५ तारीख, ००.४०’ असेल तर घरातून १४ तारखेला संध्याकाळीच निघावे लागते. १५ ला रात्री विमानतळावर गेलेल्या माणसाचे विमान आदल्या रात्रीच गेलेले असते. प्रवासविषयक प्रत्येक तक्त्याखाली ही एक ओळ मोठ्या अक्षरांत छापली तरी अनेकांचे पैसे आणि मनस्ताप वाचेल.

थेट विमान नसेल तेव्हा किलोमीटरला फारसा अर्थ राहत नाही. मुंबईमार्गे लंडन साधारण ७,६०० किमी, दुबईमार्गे ७,७००, दोहामार्गे ७,७६०, दिल्लीमार्गे ८,२००. टोकाच्या दोन पर्यायांत सहाशे किलोमीटर, म्हणजे पाऊण तासाचा फरक. खरा फरक पडतो तो मधल्या थांब्याने, आणि तो दीड तासापासून चौदा तासांपर्यंत काहीही असू शकतो. एका विमानातून दुसऱ्यात जायला कमीत कमी किती वेळ हवा याची मर्यादा प्रत्येक विमानतळाने ठरवलेली असते आणि एका पीएनआरवर तिकीट काढले की यंत्रणा तेवढा वेळ सोडतेच. पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचे चुकले तर पुढची सोय कंपनीने करायची असते. पण स्वस्त पडते म्हणून दोन स्वतंत्र तिकिटे काढली की हे संरक्षण संपते. मधल्या ठिकाणी सामान उचला, पुन्हा जमा करा, आणि विमान चुकले तर दुसरे तिकीट स्वतःच्या खिशातून. मुंबईत तर देशांतर्गत विमान सांताक्रूझच्या टर्मिनल एकवर आणि परदेशी विमान सहारच्या टर्मिनल दोनवर असे होऊ शकते, आणि मध्ये रस्त्याने जावे लागते. अशा तिकिटांत निदान पाच तासांचे अंतर ठेवावे, पावसाळ्यात त्याहून जास्त.

थांबा कोणत्या देशात आहे हेही पाहावे. काही देशांत विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही भारतीय पासपोर्टधारकाला ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेतून पुढे जायचे तर तिथे प्रवेशाची पूर्ण तपासणी होते, सामानही घ्यावे लागते आणि व्हिसा हवाच. तारवटींकडे यासाठी वेगळा सी-१/डी व्हिसा असतो. घरात एकाचा पासपोर्ट पोर्तुगीज आणि दुसऱ्याचा भारतीय असेल, जे आपल्याकडे नवीन नाही, तर दोघांसाठी सर्वांत जवळचा मार्ग वेगळा निघू शकतो.

एक पूर्ण हिशेब मांडतो. ब्राझीलच्या सांतुस बंदरात जहाजावर चढायचे आहे. मोपा ते साओ पावलो सरळ अंतर १३,७५० किमी, तक्त्यातला वेळ पावणेअठरा तास. प्रत्यक्षात दुबईमार्गे अंतर १४,४०० होते. मडगावहून मोपाला दोन तास, तीन तास आधी हजर, सव्वातीन तास दुबई, तिथे चार तास थांबा, दुबई ते साओ पावलो साधारण पंधरा तास, इमिग्रेशन आणि सामान दीड तास, तिथून बंदरापर्यंत शंभरेक किलोमीटर रस्त्याने दोन तास. एकूण पावणेएकतीस तास, आणि हे सगळे वेळेवर चालले तर. एजंट आदल्या दिवशी पोचायचे तिकीट देतो तेव्हा तो हॉटेलचा खर्च उगाच करत नसतो.

शेवटी गोव्याच्या जमिनीवरचा भाग. इथे विमानतळ दोन: दाबोळीचा तिकिटावरचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. मोपाचे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून नागरी विमानांसाठी सुरू झाले, तरी तक्त्यांत आणि जाहिरातींत अजून नुसते ‘गोवा’ छापतात. आकाशातून दोहोंत चाळीस किलोमीटरचे अंतर, विमानाला ते काहीच नाही. रस्त्याने मात्र झुआरी आणि मांडवी दोन्ही ओलांडून साठेक किलोमीटर. परदेशी विमानाचे काउंटर साधारणपणे तासभर आधी बंद होते, त्यामुळे चुकीच्या विमानतळावर उतरलेल्या माणसाला दुसरीकडे पोचून विमान पकडणे बहुधा जमत नाही. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढे जाणारी तिकिटेही निघतात, ती घेण्याआधी कोड वाचावा. काणकोणहून मोपा शंभरेक किलोमीटर आहे, अडीच तास धरून चालावे, सणासुदीच्या दिवसांत तीन. पेडण्याच्या माणसाला मोपा घराशेजारी पण दाबोळी लांब. म्हणजे ‘गोव्याहून’ असा एक आकडा मुळात काढताच येत नाही.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. मोपा पठारावर आहे, तिथे ढग खाली टेकले की धावपट्टी दिसत नाही. विमान थोडा वेळ घिरट्या घालते आणि मग बेळगाव, मंगळूर, मुंबई किंवा बंगळूरकडे वळते. दाबोळीत कामाच्या दिवशी सकाळचा काही वेळ नौदलाच्या उड्डाणांसाठी राखीव असतो, तेव्हा उशीर झालेल्या नागरी विमानाला जागा मिळणे अवघड जाते. जून ते ऑगस्टमध्ये पुढचे परदेशी विमान त्याच दिवशी असेल तर गोव्याहून पहिले शक्य ते विमान घ्यावे. दुपारचे रद्द झाले तर संध्याकाळचे उरते, संध्याकाळचे रद्द झाले तर काहीच उरत नाही.

आपल्या पुरवणीतल्या तक्त्यासाठी म्हणून विनंती अशी. विमानतळाचे पूर्ण नाव आणि कोड द्यावा. थेट विमान आहे की नाही ते लिहावे, नसेल तर कोणत्या मार्गे ते सांगावे. प्रत्येक टप्प्याचा वेळापत्रकातला वेळ, जाण्याचा आणि येण्याचा वेगळा, आणि मधला थांबा वेगळा द्यावा. एकूण तास यूटीसीवरून मोजून छापावेत आणि स्थानिक घड्याळातला फरक त्याच्या शेजारी, उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा. विमान कंपन्यांची वेळापत्रके मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, म्हणून तक्ता कोणत्या तारखेपर्यंतचा आहे हे खाली नोंदवावे आणि त्या दोन रविवारांच्या आधीच्या आठवड्यात नवा द्यावा.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, पर्वरी, गोवा